पुरस्काराला पुस्तक पाठवावं की नाही? (बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनी जरूर लिहा)

मलप्रभेकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. मागच्या दिवाळीच्या आगेमागे माझा पहिला कथासंग्रह आला. 300 प्रती, निम्मा खर्च माझा. तेव्हापासून फोनवर रोज एक तरी 'राज्यस्तरीय वाङ्मय पुरस्कारासाठी आवाहन' येऊन पडतं. मजकूर बहुतेकांचा सारखाच. पुस्तकाच्या दोन किंवा तीन प्रती, लेखक परिचय, पासपोर्ट आकाराचे फोटो, प्रवेश शुल्क 300 ते 500 रुपये, परीक्षकांचा निर्णय अंतिम. एकाने तर खाली लिहिलंय, 'विजेत्यांनी सोहळ्यास स्वखर्चाने उपस्थित राहणे बंधनकारक.' सोहळा लांब मराठवाड्यात. म्हणजे शाळेला रजा, गाडीभाडं, लॉज, आणि येताना मांडीवर काचेचं मानचिन्ह.

पुरस्काराने वाचक वाढतात का, एवढंच मला विचारायचंय. गावात माझं पुस्तक विकत घेणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यात दोघं माझे दीर. उरलेल्या प्रती पुरस्कारांना वाटायच्या की दुसरं काही करायचं? आणि आपल्या भागात मराठी पुस्तक वाचणारं नेमकं उरलंय तरी कोण?

तिसरं_रेल्वे_गेट
शुल्क मागितलं की तिथेच थांबायचं. सत्कार करणाऱ्याने पाहुण्याकडूनच हाराचे पैसे घ्यावेत, तसला प्रकार.

कुंदाप्रेमी
मानचिन्हाऐवजी पाव किलो कुंदा देणारी संस्था असेल तर कळवा. आजपासून कादंबरीला बसतो.

अर्धा_फर्मा
दुसरी बाजू मांडतो, शिव्या नंतर द्या.

मी कोल्हापुरात छोटं प्रकाशन चालवतो आणि एका पुरस्काराच्या समितीतही होतो. पुस्तकं येतात पोत्याने. ती परीक्षकांच्या घरी पोचवायची, त्यांना थोडंफार मानधन द्यायचं, हॉल, मंडप, पाहुण्यांची गाडी, जेवण. देणगीदार मिळाला तर बरं, नाहीतर शुल्काशिवाय गाडा चालत नाही. शुल्क घेतो तो प्रत्येक जण चोर नव्हे.

चोर कसा ओळखायचा ते सांगतो. मागच्या वर्षीचा निकाल मागवून बघा. एकाच प्रकारात 'उत्कृष्ट', 'विशेष', 'लक्षवेधी', 'उत्तेजनार्थ' अशी डझनभर नावं असतील तर ज्याने पैसे भरले तो जिंकला असं समजायचं. परीक्षकांची नावं निकालानंतरसुद्धा जाहीर करत नसतील तर प्रती वाया घालवू नका. आणि पुरस्काराची रक्कम शुल्कापेक्षा किती मोठी आहे तेही बघा. काही ठिकाणी 'सन्मानपत्र व ग्रंथभेट', म्हणजे दुसऱ्या कुणीतरी पाठवलेली प्रत तुमच्या हातात!

ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : खप वाढवणारे पुरस्कार हाताच्या बोटांवर. साहित्य अकादमी मिळालं की आवृत्ती हलते. तिथे मुख्य पुरस्कार 1 लाखाचा, 35 वर्षांच्या आतल्यांसाठी युवा पुरस्कार आहे तो 50 हजारांचा. आणि हा पुरस्कार भाषेला आहे, राज्याला नाही. बेळगावात बसून मराठीत लिहिलंत म्हणून काही अडत नाही. इंदिरा संत बेळगावच्याच, 1984 ला त्यांना अकादमी मिळाली. बाकी पुरस्कारांनी पुस्तकाच्या मागच्या पानावर दोन ओळी वाढतात, इतकंच.

एक व्यवहाराची गोष्ट. पूर्वी नोंदणीकृत पुस्तक टपालाने किलो-दोन किलोचं पार्सल चहापाण्याच्या पैशात जायचं. 2024 च्या डिसेंबरात ती सोय टपाल खात्याने बंद केली. आता तीन प्रती कुरियर करा, एका प्रतीची किंमत तिथेच गेली. पाठवताना हाही हिशेब धरा.

तिसरं_रेल्वे_गेट
@अर्धा_फर्मा, चोर ओळखायची रीत पटली. पण मग समितीने पोतंभर पुस्तकं खरंच वाचली का तेही सांगा की राव.

अर्धा_फर्मा
समितीने नाही वाचली. परीक्षकांनी... पहिली वीस पानं तरी वाचली असावीत. :)

शाईचे_डाग
वीस? मी परीक्षक होते एकदा, कवितासंग्रहांची. माझ्या दिवाणाखाली खोकी लावून ठेवली होती. खरं सांगू, निम्मे संग्रह अर्पणपत्रिकेतच कळतात. 'ज्यांनी मला घडवलं त्या सर्व ज्ञात-अज्ञात...' वाचलं की पुढचं ओळखावं. पण एक संग्रह असा निघाला की रात्री गॅसवर दूध ठेवलेलं विसरले. त्याला पहिला क्रमांक दिला, दुसऱ्या परीक्षकांनी त्याच कवीला शून्य दिलं, बेरजेत पहिला आला तिसराच कुणीतरी. त्या तिसऱ्याची एक ओळ आज आठवत नाही मला.

कुंदाप्रेमी
दुधाचं काय झालं?

शाईचे_डाग
पातेलं टाकून दिलं.

निपाणीची_चंची
महादेव मोऱ्यांचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? आमच्या निपाणीचा माणूस. गाड्यांच्या गॅरेजात काम केलं, पिठाची गिरणी चालवली, आणि गिरणीत बसून लिहिलं. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, ड्रायव्हर, हमाल, मेस्त्री, देवदासी, ज्यांची नावं मराठी कथेत कधी येत नव्हती ती माणसं त्यांनी आणली. दिवाळी अंकांतून किती वर्षं लिहीत होते त्याला गणती नाही. 2024 साली गेले.

आमची आई दळण घेऊन जायची तिथे. पीठ उडून भुवया पांढऱ्या झालेल्या, पट्ट्याचा आवाज एवढा की बोलायचं तर ओरडून बोलायचं, असं ती सांगते. 'ते लिहितात' हे तिला फार उशिरा कळलं, तेही पेपरात फोटो आला तेव्हा. आता माझा प्रश्न असा, की दळणाला येणाऱ्या बायकांपैकी कितींनी त्यांची कथा वाचली असेल? ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यापर्यंत पुस्तक पोचलंच नाही. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी उशिरा दखल घेतली वगैरे चर्चा होते, ती बरोबरच आहे. पण गिरणीपासून वखारीपर्यंतचं अंतर तरी कुठे कापलं गेलं?

मास्तर_निवृत्त
धागाकर्तीचे अभिनंदन. विषय महत्त्वाचा असल्याने सविस्तर लिहितो.

बेळगावची वाङ्मयीन परंपरा मोठी आहे हे नव्या पिढीस सांगणे भाग आहे. येथील सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे. अखिल भारतीय साहित्य संमेलन बेळगावात तीनदा भरले. 1929 ला शिवरामपंत परांजपे अध्यक्ष, 1946 ला माडखोलकर, आणि 2000 साली य. दि. फडके. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव 1946 च्याच संमेलनात झाला. कवी कृ. ब. निकुंब येथेच राहिले, येथेच शिकवत होते. रणजित देसाईंचे कोवाड येथून हाकेच्या अंतरावर. पु. ल. देशपांडे काही काळ येथल्या कॉलेजात प्राध्यापक होते...

रताळं
मास्तर, परीक्षेला किती गुणांचा प्रश्न हाय ह्यो?

मास्तर_निवृत्त
बाळ, पूर्ण वाच. मुद्दा पुढे आहे.

परंपरा मोठी, पण ती चालवायला वाचता येणारी मुले लागतात. माझा नातू इंग्रजी माध्यमात. घरी मराठी अस्खलित बोलतो, आजीशी भांडतोही मराठीतच. गेल्या महिन्यात त्याच्या हाती प्रकाश नारायण संतांचा 'झुंबर' दिला. म्हटले, हा लंपन तुझ्याच वयाचा, तुझ्याच भागातला, याच्याही घरात मराठी-कन्नडची सरमिसळ. पोरगा एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागला. 'ळ' पाशी अडला, 'ज्ञ' पाशी अडला, जोडाक्षर आले की माझ्या तोंडाकडे बघे. दीड पानात त्याला घाम फुटला. म्हणाला, आजोबा तुम्हीच वाचा, मी ऐकतो. मी वाचले, तर पोट धरून हसला. म्हणजे भाषा कळते, रस आहे, बुद्धी आहे. डोळ्यांना लिपीची सवय नाही. शाळेत इंग्रजी पहिली, नियमाप्रमाणे कन्नड, मग हिंदी. मराठीला तासच उरत नाही. मराठी शाळेत घालायचे तर पालक म्हणतात, पुढे काय? त्यांचेही चूक कसे म्हणू?

तेव्हा पुरस्कारांची चर्चा जरूर करा, पण दहा वर्षांनी परीक्षक तरी मिळतील का ते बघा.

रताळं
मास्तर, मघाचं मागं घेतो. हे माझ्या भाचीचंच सांगूलायसा.

पुणेरी_बेळगावकर
मास्तरांच्या नातवानेच उत्तर दिलंय की. 'तुम्ही वाचा, मी ऐकतो.' श्राव्य पुस्तकं! मी हिंजवडीला जाता-येता कानात घालून महिन्याला दोन-तीन कादंबऱ्या उरकतो. 2017 पासून स्टोरीटेलवर मराठी आहे, किंडलवर वाचायची मराठी ई-पुस्तकं त्याच्याही आधीपासून. छापील पुस्तकांचा जमाना संपला हे मान्य करायला आपल्याला एवढं जड का जातं? 300 प्रती छापून कपाटात ठेवण्यापेक्षा ताईंनी स्वतःच्या आवाजात कथा रेकॉर्ड करून टाकाव्यात. खर्च शून्य.

दाखलनोंद
मी एका वाचनालयात काम करते (नाव नको, अध्यक्ष इथे वाचतात). 'जमाना संपला' असं बाहेर बसून म्हणणं सोपं आहे.

आमच्याकडे रोज संध्याकाळी कोण येतं ते सांगते. पेपर वाचायला निवृत्त मंडळी, त्यांची खुर्चीसुद्धा ठरलेली. स्पर्धा परीक्षेची मुलं, ती आमची पुस्तकं वाचत नाहीत, स्वतःची आणतात, त्यांना फक्त दिवा आणि शांतता हवी. आणि चाळिशी-पन्नाशीतल्या बायका. खरं वाचनालय त्यांच्यावर चाललंय. पिशवीत भाजी, त्यावर पुस्तक. पुस्तकाच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर बघते मी, एकाच गल्लीतल्या चौघींनी ओळीने नेलेलं असतं. एकीने नेलं, दुसरीला सांगितलं, तिसरीने माझ्याकडे नंबर लावला. यांतल्या एकीनेही पुस्तक घेताना मला 'याला पुरस्कार आहे का' असं विचारलेलं नाही. विचारतात ते 'शेवट वाईट आहे का गं?'

दिवाळी अंकांची योजना दरवर्षी करतो. एकदाच पैसे भरायचे आणि अंक एकमेकांत फिरवत होळीपर्यंत वाचायचे. अजून चालते. 1909 ला 'मनोरंजन'ने सुरू केलेली गोष्ट आमच्या टेबलावर अजून तग धरून आहे. तरुण सभासद कमी झालेत हे मात्र खरं, त्याला मी नाही म्हणत नाही.

पुणेरी_बेळगावकर
मग माझंच खरं झालं. चाळिशीच्या पुढचं गिऱ्हाईक, पुढे कोण?

शाईचे_डाग
पंधरा वर्षांपूर्वीही 'चाळिशीच्या पुढचंच गिऱ्हाईक' असंच म्हणत होते. म्हणजे आत्ताच्या चाळिशीतल्या तेव्हा पंचविशीत होत्या आणि वाचत नव्हत्या. पोरं हातावेगळी झाली की बाई वाचायला लागते, हा हिशेब कुणी धरत नाही.

घटप्रभेचा_पूर
मी गोकाककडचा. घरी कन्नड, आजोळ मराठी, दोन्ही वाचतो. थोडं पलीकडचं सांगू का?

तुम्हाला वाटतं कन्नडवाल्यांचं सगळं आलबेल आहे. आठ ज्ञानपीठ, मराठीला चार. 2010 चं ज्ञानपीठ मिळालेले कंबार तर आपल्याच जिल्ह्यातले, घोडगेरीचे. मागच्या वर्षी, 2025 च्या मे महिन्यात, कन्नड लेखिका बानू मुश्ताक आणि अनुवादिका दीपा भास्ती यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कथासंग्रहाला! ताई, हे लक्षात घ्या, कथासंग्रहाला मिळालं. त्या आठवड्यात आमच्याकडच्या दुकानांत मूळ कन्नड पुस्तक विचारायला माणसं आली, जी आयुष्यात त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. म्हणजे मोठ्या पुरस्काराने वाचक येतो. टिकतो का, ते दुकानदाराला विचारा. आणि कन्नड लेखकांच्या बैठकीत बसा कधी, तिथेही हेच : मुलं इंग्रजी माध्यमात, कन्नड वाचत नाहीत, आता कसं होणार. शब्दन्‌शब्द तोच.

कवी बेंद्रे धारवाडचे, घरी मराठी बोलायचे, कन्नडला ज्ञानपीठ मिळवून दिलं. उमा कुलकर्णी जन्माने बेळगावच्या, कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठी घराघरांत नेले त्यांनी. त्यांची पद्धत फार सुंदर आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेप करून ठेवत आणि त्या ऐकत ऐकत मराठीत लिहीत. @पुणेरी_बेळगावकर, हे तुमच्या बाजूने झालं. कानाने वाचूनही अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळतो.

आता जरा बोचणारं. कर्नाटकात ग्रंथालयाचा कायदा 1965 पासून आहे, घरपट्टीवर 6 टक्के ग्रंथालय उपकर घेतात. तो तुम्ही मराठी माणसंही भरता. ग्रामपंचायतीत 'अरिवु केंद्र' म्हणून वाचनालय आहे. मराठी पुस्तकं हवीत असं किती गावांनी लेखी दिलंय?

तिसरं_रेल्वे_गेट
दिलंय की लेखी. उत्तर कन्नडमधून आलं, त्यात काय लिहिलंय ते वाचायला तुम्हालाच बोलवायला पाहिजे. मराठीतून साधा अर्ज घेत नाहीत आणि पुस्तकं कसली देतात! 1956 पासून हेच चाललंय. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून. आधी त्याचं बोला.

घटप्रभेचा_पूर
मी पुस्तकांचं बोलतोय, तुम्ही दाव्याचं. असो.

तिसरं_रेल्वे_गेट
'असो' म्हणणं तुम्हाला परवडतं.

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, साडेचारशे प्रतिसाद झालेत तिथे, अजून जागा आहे. इथे साहित्य, वाचन, पुरस्कार. दोघांनीही चहा घ्यावा.

कुंदाप्रेमी
...आणि कुंदा.

मलप्रभेकाठची
सगळ्यांचे आभार. वाचतेय सगळं, शाळेमुळे लगेच लिहायला जमत नाही. आमच्या ग्रामपंचायतीच्या केंद्रात मी काल मुद्दाम जाऊन आले. लोखंडी कपाट दोन, एकात शालेय पुस्तकं, दुसऱ्याला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते शेतावर गेलेले. खिडकीतून बघितलं तर वरच्या फळीवर शेंगांची पाटी. मराठी किती, कन्नड किती, काही कळलं नाही. तिसरं रेल्वे गेट आणि घटप्रभा, तुम्ही दोघंही थोडे थोडे बरोबर असाल. कुलूप दोन्ही भाषांना आहे.

घटप्रभेचा_पूर
शेंगा तरी कुणीतरी खाईल.

पुस्तकांचं_गाठोडं
उशिरा आलो. मी पुस्तकांचा स्टॉल लावतो, म्हणून 'वाचतंय कोण' यावर हक्काने बोलतो.

आपल्या भागात जानेवारी-फेब्रुवारीत रविवार आला की कुठल्या ना कुठल्या गावात साहित्य संमेलन असतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी. दिल्ली-पुण्याचं संमेलन टीव्हीवर बघतात लोक, आमच्याकडे ते गल्लीतून जातं. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, डोक्यावर कळस घेतलेल्या बायका, शाळेची पोरं, पालखीत ज्ञानेश्वरी. शेतकरी माणसं वर्गणी काढून मंडप घालतात, हजार-हजार माणसांचं जेवण गाव रांधतं. अशी गोष्ट महाराष्ट्रात किती गावांत होते सांगा. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याला पोलिसांची परवानगी मिळते की नाही, याची धाकधूक आदल्या रात्रीपर्यंत असते, तरी मंडप उभा राहतो.

पण स्टॉलवर काय खपतं? एक नंबर शिवचरित्र. मग पंचांग, हरिपाठ, रांगोळी, पाककृती, मुलांची गोष्टींची पातळ पुस्तकं, स्पर्धा परीक्षा. कथाकथनाला हशा-टाळ्या एवढ्या की मंडप हलतो, आणि सत्र संपलं की सगळे जेवणाच्या रांगेत. त्या कथाकाराचं पुस्तक माझ्या टेबलावर समोर पडलेलं असतं. लोक उचलतात, मागची किंमत बघतात, परत ठेवतात. 250 रुपये. जेवण फुकट, पुस्तक अडीचशे, कसं जमायचं?

आता यातून ताईंच्या कामाचं. लोक लेखकाला बघून पुस्तक घेतात, पुरस्काराला बघून नाही. लेखक स्वतः स्टॉलवर उभा राहिला, दोन शब्द बोलला, सही करून दिली, की पुस्तक जातं. मागे एका कवीने स्टॉलवर उभं राहून ऊसतोडीवरची कविता म्हटली, समोर सगळे ऊसवालेच. दुपारपर्यंत त्याचा गठ्ठा संपला, पाठीमागे अकादमीवाल्यांचं पुस्तक तसंच.

निपाणीची_चंची
गिरणी ते वखार, ते हेच. माणूस समोर पाहिजे.

अर्धा_फर्मा
@गाठोडं, 'पुरस्काराला बघून नाही' यावर हरकत. ग्रंथालयांची खरेदी समिती पुरस्कार बघते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानात नव्या लेखकाचं पुस्तक ठेवायला मालक विचारतो, 'काही मिळालंय का?' आणि ताई संमेलनात उभ्या राहतील ती गावं बेळगावपासून तासाभरातली. नांदेडच्या वाचकाला त्या कशा दिसणार? त्याच्यासाठी पुरस्कार हीच काय ती चिठ्ठी.

शाईचे_डाग
ती चिठ्ठी सरकारने दिली तर मागेही घेता येते. 2022 च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने अनुवादाचा एक पुरस्कार जाहीर करून रद्द केला, मग समित्यांवरच्या लोकांचे राजीनामे, लेखकांनी पुरस्कार परत करणं. गंमत म्हणजे त्या पुस्तकाचं नाव आधी ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनी नंतर शोधून वाचलं.

कुंदाप्रेमी
म्हणजे पुरस्कार मिळण्यापेक्षा रद्द होणं चांगलं. नोंद केली.

पुणेरी_बेळगावकर
शिवाय 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, विसरू नका. आता निधी येणार, सगळं ठीक होणार.

रताळं
कन्नड 2008 सालीच अभिजात झालीया. तिकडं शेंगाची पाटी आली. बघा आता आपल्याकडं काय येतंय ते.

मास्तर_निवृत्त
नातवाच्या बाबतीत एक प्रयोग चालू आहे, सांगतो. रोज रात्री मी एक पान वाचतो, त्याने एक परिच्छेद वाचायचा. माझे पान रंजक जागी थांबवतो. पुढचे हवे असेल तर स्वतः वाच. परवा रात्री मी झोपल्यावर हा दिवा लावून बसला होता असे सूनबाईंनी सांगितले. अजून 'ज्ञ' ला अडतो.

दाखलनोंद
मास्तर, ही युक्ती आमच्या बालविभागात करू का? शनिवारी दुपारी? तुम्ही येणार असाल तर अध्यक्षांना मी सांगते. (अध्यक्ष, वाचत असाल तर इथेच होकार द्या.)

मलप्रभेकाठची
माझं जवळजवळ ठरलंय. शुल्कवाले सगळे बाद. परीक्षकांची नावं जाहीर करणारे, शुल्क न घेणारे असे दोन सापडले, त्यांना प्रती पाठवते. मिळालं तर बरं. मिळालं नाही तर तीन-तीन प्रती गेल्या असं समजायचं. वाचनालयाला दोन देते. कथा माझ्या आवाजात रेकॉर्ड करून बघितली, आमच्या गावचा हेल फारच येतो, पण शाळेतल्या मुलांना ऐकवली तर त्यांनी दुसरी मागितली. ते पुढचं पुढे बघू.

@गाठोडं, येत्या रविवारी तुमचा स्टॉल कुठे आहे? मी उभी राहायला तयार आहे. फक्त भाषण नको, मला जमत नाही.

पुस्तकांचं_गाठोडं
या की ताई. भाषण नको, मधली एक कथा अर्धीच सांगा, मास्तरांसारखी. जागा तुमच्या विचारपुशीत (विपूमध्ये) कळवतो. 40 प्रती आणा. कमिशन 30 टक्के, उरलेल्या प्रती संध्याकाळी तुम्ही परत न्यायच्या.

मलप्रभेकाठची
30 जास्त होतात. उभी मीच राहणार, बोलणार मीच. 20 करा.

पुस्तकांचं_गाठोडं
टेबलाचं भाडं, टेम्पो, पोराची मजुरी. 25.

मलप्रभेकाठची
25 चालेल. सुटे पैसे तुम्ही आणायचे.

रताळं
मी दोन घेणार. एक भाचीला. यूपीआय चालतंय न्हवं?